झाडाला वळण लावताना

मराठीतला 'वळण' हा शब्द मोठा सोशिक आहे. रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते, घराण्याला वळण असते. आणि मुलांना तर ते लावावेच लागते, निदान लावल्याचे समाधान तरी वडीलधाऱ्यांना मिळावे लागते. शेतकीच्या पुस्तकांत हाच शब्द झाडांसाठी येतो. तेथे 'वळण व छाटणी' असे जोडप्रकरण हमखास असते. झाड लहान असताना त्याचा सांगाडा कसा असावा हे ठरवून त्याप्रमाणे त्याला वाढू देणे म्हणजे वळण. आणि वाढलेल्या झाडाचा नको असलेला भाग काढून टाकणे म्हणजे छाटणी. आपण पहिली गोष्ट करीत नाही म्हणून दुसरी आपल्यावर येऊन पडते. कधी कधी ती अक्षरशः अंगावर पडते. हे मी ऐकीव सांगत नाही. पुढे त्याचा तपशील येईलच.

आरंभीच एक कबुली दिलेली बरी. मी वनस्पतिशास्त्राचा नव्हे, मराठीचा अध्यापक. आमच्या विभागात झाडांचा संबंध येतो तो कवितेपुरता, आणि कवितेतल्या झाडाला कोणी कात्री लावीत नाही. परंतु आमचे घर सहकारनगरात आहे. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर पर्वतीच्या अलीकडे-पलीकडे ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांतली ही एक. घरे बेताची, पण पुढे पंधरा-वीस फुटांचे अंगण. त्या अंगणात २०१७ च्या पावसाळ्यात आम्ही एक ताम्हण लावले. त्यानंतरच्या चार वर्षांत त्या झाडाच्या बाबतीत करता येण्यासारख्या बहुतेक सर्व चुका मी यथासांग केल्या. या लेखाला अधिकार असलाच तर तो एवढाच.

ताम्हण म्हणजे जारूळ, आपल्या महाराष्ट्राचे राज्यपुष्प. कोकणात ओढ्यानाल्यांच्या काठी ते आपसूक येते. पुण्यात ते बागांतून आणि रस्त्यांच्या कडेला लावलेले दिसते. एप्रिल-मे महिन्यांत फांद्यांच्या टोकांना जांभळ्या फुलांचे हातभर तुरे येतात. पाकळ्या अशा चुरगळलेल्या, की जणू स्नेहसंमेलनाच्या सजावटीतून उरलेला क्रेप कागद. लिनियसने या कुळाला 'लॅगरस्ट्रोमिया' हे नाव दिले ते लागरस्ट्रोम नावाच्या स्वीडिश व्यापाऱ्यावरून. हा गृहस्थ स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता आणि पूर्वेकडच्या वनस्पतींचे नमुने लिनियसला मिळवून देत असे. परीक्षेला न येणारी माहिती म्हणून ही येथे सोडून देतो.

तर सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूच्या एका रोपवाटिकेतून आणलेले आमचे चार फुटी रोप पहिल्याच वर्षात वेताच्या छडीसारखे सरळ सात फुटांवर गेले. बाजूला फांदी म्हणून नाही. तशात साताऱ्याहून आमचे मेहुणे आले. त्यांचा बागकामाचा व्यासंग दांडगा. मात्र तो गुलाबापुरता. झाडाकडे पाहून ते म्हणाले, "दाजी, शेंडा खुडा. बघा कसं डेरेदार होतंय ते!" मी शेंडा खुडला. तुळस, मोगरा, शेवंती, गुलाब यांच्या बाबतीत हा सल्ला सोन्यासारखा आहे. जिच्याकडून आपल्याला झुडूप हवे आहे, तिचा शेंडा अवश्य खुडावा. परंतु ज्याला पंचवीस-तीस फूट उंच जाऊन, वाऱ्यावादळात एका बुंध्यावर उभे राहावयाचे आहे, त्याचा शेंडा खुडणे ही निराळी गोष्ट.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. झाडाच्या खोडावर प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. म्हणजे उद्याची फांदी. पण हे डोळे सहसा मिटलेले राहतात, कारण शेंडा त्यांना उमलू देत नाही. शेंड्यात ऑक्सिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते खाली उतरत राहते. १९३३ साली थिमन व स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी घेवड्याच्या जातीच्या रोपाचा शेंडा कापला, आणि कापलेल्या टोकावर ऑक्सिन ठेवून पाहिले. शेंडा नसतानाही खालचे डोळे मिटलेलेच राहिले! म्हणजे राजा नाही, पण राजमुद्रा आहे, तोवर कारभार चालूच. यात अलीकडे आणखी एक भर पडली आहे. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या संशोधकांनी वाटाण्याच्या रोपांवर दाखवून दिले, की शेंडा गेल्यावर खालच्या डोळ्यांना पहिली जाग येते ती साखरेमुळे. एरवी वाढता शेंडा पानांत तयार झालेली साखर स्वतःकडे ओढून घेतो. तो गेला की ती खालच्यांच्या वाट्याला येते. सत्तेचे आणि शिधासामग्रीचे नाते राज्यशास्त्राच्या आमच्या सहकाऱ्यांनी अधिक खुलवून सांगावे.

आता ताम्हणाची खोड अशी, की त्याची पाने समोरासमोर किंवा जवळजवळ समोरासमोर येतात. त्यामुळे शेंडा कापला की लगेच खालचे दोन डोळे एकाच उंचीवर, एकाच वेळी, सारख्याच जोमाने फुटतात. एका गादीला दोन वारस. शनिवारवाड्याच्या शेजाऱ्यांना यातून पुढे काय होते हे नव्याने सांगावयास नको. आमच्या झाडाला छातीच्या उंचीच्या थोडे वर बेचकी झाली आणि दोन खोडे एकमेकांना खेटून, स्पर्धा करीत वर निघाली. मी पाहुण्यांना कौतुकाने सांगत असे, 'बघा, कसे भरले!'

येथे एक गोष्ट ताम्हणाच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. त्याचा फुलांचा तुरा फांदीच्या टोकालाच येतो. टोकाचे रूपांतर फुलांत झाले की त्या फांदीचे सरळ वाढणे तेथेच संपते आणि पुढची वाढ बाजूच्या डोळ्यांतून होते. म्हणजे कोणी हात लावला नाही तरी या झाडाला बेचकी पडू शकते. म्हणून पहिली पाचसहा वर्षे वर्षातून एकदा त्याच्यापुढे उभे राहून नीट पाहणे भाग आहे. मी ते केले नाही.

२०१९ च्या ऐन आषाढात मी दुसरी चूक केली. खरे म्हणजे करवून घेतली. झाड फार पसरले म्हणून दारावरून जाणाऱ्या एका माळीबुवांना बोलावले. त्यांच्याजवळ कोयता होता. अर्ध्या तासात त्यांनी दोन्ही खोडांच्या बाजूच्या फांद्या हातभर ठेवून सपासप उडविल्या आणि म्हणाले, "साहेब, आता बघा कसं जोमानं फुटंल." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. महिन्याभरात प्रत्येक खुंटाच्या टोकाला आठ-दहा फुटवे असे फुटले, की झाडाला केरसुण्या बांधल्यासारखे दिसू लागले.

माळीबुवांना दोष देण्याचे मला कारण नाही. ते मुळशीकडचे. मावळ-मुळशीत भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी शेतकरी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडून आणतात. त्याला 'राब' म्हणतात. ताम्हिणीच्या रस्त्याने जाताना खांबासारखी उभी, अंगभर पालवीचे झुबके आलेली जी ऐनाची झाडे दिसतात ती या राबाची. ती झाडे मरत नाहीत, पुन्हा पुन्हा फुटतात, आणि त्यांच्याकडून अपेक्षाही तेवढीच असते: पुढच्या खेपेस पुन्हा पाला. त्यांच्या फांद्यांखाली कोणी खुर्ची टाकून पेपर वाचीत बसत नाही. शेतातला हा व्यवहार जसाच्या तसा अंगणात आणला की घोटाळा होतो. कारण खुंटावर येणारे हे फुटवे सालीखाली झोपलेल्या डोळ्यांतून येतात. स्वाभाविक फांदी खोडाबरोबर वर्षानुवर्षे वाढते, तिचे लाकूड आणि खोडाचे लाकूड एकमेकांत गुंफलेले असते; हे फुटवे मात्र अगदी वरच्या थरालाच धरून असतात. त्यातून खुंट कुजू लागला, की मनगटाएवढा झालेला फुटवा एखाद्या दिवशी साल सोडून खाली येतो. संत्र्याचे बागायतदार असल्या जोरकस, निरुपयोगी फुटव्यांना 'पाणसोट' म्हणतात आणि कोवळे असतानाच काढून टाकतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात ताम्हणाची एक धाकटी बहीण घरोघर लावतात, क्रेप मर्टल नावाची. तिचीही दर हिवाळ्यात अशीच मुंडकी उडविण्याची रीत तेथे पडली आहे, आणि जाणकार बागप्रेमी तिला चिडून 'क्रेप मर्डर' म्हणतात. पुण्यात आषाढात झालेल्या गुन्ह्याला तोच शब्द लागू पडतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला लागून वर सरकले, तेव्हा पुण्यातही वाऱ्याचा जोर होता. त्यातल्या एका संध्याकाळी आमच्या शेजारच्या बंगल्यातला जुना गुलमोहर उभा चिरला. उन्मळून पडला नाही, चिरला. त्याचे दोन बुंधे होते, जमिनीपासून पाचेक फुटांवर फाकलेले. त्यातला एक कुंपणाची भिंत घेऊन रस्त्यावर आला. तीन दुचाक्या खाली गेल्या. टाळेबंदीमुळे रस्त्यावर मुले नव्हती. एरवी त्या वेळी त्याच सावलीत त्यांचे क्रिकेट चालते. दुसऱ्या दिवशी चिरलेली जागा जवळ जाऊन पाहिली. दोन बुंध्यांच्या मध्ये लाकूड लाकडाला लागलेलेच नव्हते. वरपासून वीतभर खोलपर्यंत दोन्हीकडच्या साली समोरासमोर दबून काळ्या पडल्या होत्या, त्यात माती आणि मुंग्या. दोन सारख्या खोडांचा कोन अरुंद असला, की वाढता वाढता त्यांच्यामधली साल आत चिणली जाते. बाहेरून सांधा भक्कम, फुगीरदेखील दिसतो. आत मात्र तडा जन्मापासूनचा असतो. वाढत्या वयाबरोबर वरचा भार वाढतो आणि वळवाच्या एखाद्या झोताने हिशेब पुरा होतो.

पण मला अधिक लागले ते पुढचे. शेजारच्या काकांनी धसका घेतला. अर्ज, पाहणी वगैरे सोपस्कार करून त्यांनी अंगणातली उरलेली दोन्ही झाडे काढविली. त्यात एक बकुळ होती. ठेंगणी, गोलसर, एका बुंध्याची, कोणाच्या अध्यात ना मध्यात. काकूंचा त्या झाडावर जीव होता. परंतु चाळीस वर्षांच्या झाडाने दिलेली भीती युक्तिवादाने जात नाही. त्या गुलमोहराचे दोन शेंडे बोटाएवढे होते तेव्हा, १९८० च्या आसपास केव्हा तरी, एखाद्याने एक शेंडा कात्रीने काढला असता तर दोन मिनिटांचे काम होते. घरी येऊन मी आमच्या ताम्हणाची बेचकी पाहिली. तीच रचना, फक्त चार वर्षांची.

मग वाचावयास घेतले. या विषयात ज्याचे नाव पुन्हा पुन्हा येते तो अॅलेक्स शायगो हा अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ. त्याने हजारो झाडे यांत्रिक करवतीने उभी चिरून आतली कूज पाहिली आणि १९७७ मध्ये आपले निष्कर्ष एका पुस्तिकेत मांडले. त्याचे सांगणे थोडक्यात असे: झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. दुखावलेले लाकूड झाड पुन्हा नवे करीत नाही. ते त्या भागाभोवती आतून भिंती घालते, तो भाग वाळीत टाकते, आणि बाहेरून नव्या लाकडाने व सालीने झाकून घेते. म्हणून प्रत्येक काप झाडाच्या पोटात कायमचा राहतो. तो बोटाएवढा असला तर झाड त्याला वर्षा-दोन वर्षांत गिळून टाकते. मांडीएवढा असला तर भिंती पुऱ्या होण्याआधी बुरशी आत शिरते. लहानपणी वळण लावा, असे का म्हणतात त्याचे उत्तर मला येथे मिळाले.

काप कोठे घ्यावा हाही मुद्दा यातूनच सुटतो, आणि येथे जुन्या सवयी मोडाव्या लागतात. पूर्वी सांगत, फांदी खोडाशी अगदी सपाट कापा. कोयतेवाले हातभर खुंट ठेवतात. दोन्ही चूक. फांदी जेथे खोडातून निघते तेथे नीट पाहा: खालच्या अंगाला थोडा फुगीर कंठ दिसेल, आणि वरच्या बेचक्यात सालीची खरखरीत सुरकुती. कंठ हा खोडाचा भाग आहे, फांदीचा नव्हे. झाडाची भिंत बांधण्याची सोय तेथेच असते. काप त्याच्या किंचित बाहेर घ्यावयाचा. कंठ कापला तर जखम नाहक मोठी होते आणि खोडात कूज शिरते. खुंट ठेवला तर झाडाला तो झाकता येत नाही. ताम्हणाची साल गुळगुळीत, फिकट आणि पापुद्रे सुटणारी असल्यामुळे हा कंठ त्याच्यावर फार स्पष्ट दिसतो. नवशिक्याने शिकावे ते याच झाडावर.

कापावर शेण, माती, डांबर किंवा बोर्डो पेस्ट लावावी काय? आपल्याकडे हा प्रश्न श्रद्धेचा आहे. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्यालगतच्या द्राक्षांना चोरांनी हात लावू नये म्हणून तो निळा लेप देत, आणि त्याच वेलींवर रोग कमी पडतो हे मिलार्देने पाहून १८८५ मध्ये जगाला सांगितले. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला त्याचा उपयोग आहेच. फळबागेतल्या रोगांवर ते औषध आहे. पण शोभेच्या निरोगी झाडाच्या जखमेवरचा लेप आतली कूज थांबवीत नाही, असे शायगोला आढळले. योग्य जागी, धारदार पात्याने घेतलेला, उघडा ठेवलेला काप झाडाला पुरतो. डांबर तर मुळीच लावू नये.

आता काळ. द्राक्षाची एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली फळछाटणी ऐकून कित्येकांना वाटते की सर्वच झाडांना ऑक्टोबर हा महिना असतो. द्राक्षवेल घडांच्या हिशेबाने छाटतात. अंगणातल्या झाडाचे वेळापत्रक त्याच्या फुलण्यावरून ठरवावे. ताम्हणाची पाने थंडीत तांबूस होऊन गळतात आणि त्याची फुले नव्या पालवीच्या टोकाला येतात. तेव्हा जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत, पाने गळून गेल्यावर आणि नवी फूट येण्यापूर्वी काप घेतला तर एकही फूल वाया जात नाही. शिवाय सांगाडा उघडा दिसतो, हा मोठा फायदा. याउलट बहावा, पळस, पांगारा ही झाडे आदल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतात. त्यांना थंडीत कात्री लावली तर तो वसंत कोरडा जातो. त्यांचे काम फुलोरा ओसरल्यावर, पाऊस धरण्यापूर्वी उरकावे. भर पावसात मात्र कोणत्याच झाडाला हात लावू नये. ओल्या हवेत बुरशीला उघडी जखम म्हणजे आमंत्रणच.

हत्यारे फार लागत नाहीत. रविवार पेठेत बोहरी आळीत गेले की सिकेटर आणि वाकडी, घडीची करवत मिळते. सिकेटर दोन प्रकारचे असतात. एकात पाते सपाट पट्टीवर दाबले जाते. ते वाळक्या काटक्यांसाठी ठीक, हिरवी फांदी मात्र चेंगरते. दुसऱ्यात दोन्ही पाती कात्रीप्रमाणे एकमेकींवरून सरकतात, ते घ्यावे. अंगठ्याहून जाड फांदीला करवत वापरावी, आणि जड फांदी असेल तर एकदम खोडाशी कापू नये. वजनाने ती तुटून खाली लोंबते आणि खोडाची साल हातभर सोलून नेते. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालच्या बाजूने एक तृतीयांश काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून पूर्ण काप. फांदी पडली की उरलेला हलका खुंट कंठाशी निवांतपणे काढावा. पाती स्पिरिटने पुसावी.

मी प्रत्यक्ष काय केले ते सांगतो. जानेवारी २०२२ मध्ये दोन खोडांपैकी कोणते ठेवावयाचे हे ठरविण्यात पंधरा दिवस गेले. घरात मतभेद झाले. सरळपणा पूर्वेकडच्या खोडात होता, फुले अधिक यायची ती पश्चिमेकडच्याला. अखेर सरळ ते राखले. दुसरे एकदम कापले नाही. एका बाजूच्या फांदीपर्यंत मागे घेऊन निम्म्याने आखूड केले. असे केल्याने त्याचा जोर ओसरतो, राखलेले खोड जाड होत जाते आणि झाडाची सारी पाने एका दिवसात जात नाहीत. एका वर्षात पाव हिश्श्याहून अधिक पाला काढू नये हा नियम मी तेव्हापासून पाळतो. पाने म्हणजे झाडाची चूल. पुढल्या जानेवारीत ते दुसरे खोड बुडापासून काढले. त्याआधी महानगरपालिकेच्या उद्यान विभागात विचारून आलो. नागरी भागातील झाडांविषयीचा राज्याचा १९७५ चा कायदा झाड 'तोडणे' या शब्दात जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सारे धरतो, झाड आपल्या अंगणातले असले तरी. ज्यांना मोठ्या फांद्या काढावयाच्या आहेत त्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

केरसुण्यांचे काम अधिक किचकट होते. प्रत्येक खुंटावरच्या दहा फुटव्यांपैकी एखादा बऱ्या जागी, बाहेरच्या दिशेने निघालेला असेल तर तो ठेवला, बाकीचे काढले. काही खुंट मुळापासूनच काढावे लागले. मुख्य खोडावर आता ज्या फांद्या राखल्या आहेत त्या वेगवेगळ्या दिशांना, एकीवर दुसरी अशी दीड-दोन फुटांच्या अंतराने आहेत, आणि कोणतीही खोडाच्या निम्म्याहून जाड नाही. जाडीचा हा नियम फार मोलाचा. फांदी खोडाच्या मानाने बारीक असली तरच खोड तिच्या बुडाला चहूकडून कवटाळते. दोघे तुल्यबळ झाले की पुन्हा गुलमोहराचीच गत.

खालच्या बारीक फांद्यांविषयी मात्र घाई नको. झाड 'नीटनेटके' दिसावे म्हणून लोक पहिल्याच वर्षी खालपासून डोक्यापर्यंत बुंधा साफ करतात आणि वर छत्रीएवढा पाला ठेवतात. मग ते लडबडते, मग त्याला काठीला आवळून बांधतात. वस्तुतः या खालच्या फांद्याच बुंध्याला जाडी देतात. त्या तात्पुरत्या म्हणून आखूड करून ठेवाव्या आणि अंगठ्याएवढ्या होण्याआधी दोन-तीन वर्षांत एकेक करून काढाव्या. काठी लावलीच तर सुतळी सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधावी आणि वर्षभराने सोडावी. वाऱ्याने हललेले खोडच मजबूत होते. नायलॉनची दोरी विसरून राहिली तर ती सालीत रुतते आणि झाडाचा गळा आवळते.

आणखी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. चार फुटांवरची फांदी झाड वाढेल तशी वर जाईल, अशी पुष्कळांची समजूत असते. माझीही होती. ती कधीही वर जात नाही. झाडाची उंची शेंड्याला वाढते. खाली वाढते ती केवळ जाडी. ज्यांना खात्री करून घ्यावयाची असेल त्यांनी आपल्याच महाविद्यालयाच्या आवारात एक फेरी मारावी. कोणे एके काळी कोणी बदामात कोरलेली दोन आद्याक्षरे आजही त्याच उंचीवर सापडतील. फक्त ती रुंद झालेली असतील. म्हणजेच जी फांदी आज डोक्याला लागते ती पुढेही लागणार, आणि तेव्हा ती पोटरीएवढी असेल. रस्त्याच्या किंवा फाटकाच्या बाजूची कायमची पहिली फांदी आठ फुटांच्या वर असावी हा हिशेब रोप लावतानाच मनात धरावा.

आमचे ताम्हण आता वीस फुटांच्या वर गेले आहे. काढलेल्या खोडाची जखम अडीच इंचांची होती. कडेची साल दर पावसाळ्यात थोडी आत सरकत आली. मध्ये आता रुपयाएवढे लाकूड उघडे आहे. फाटकाच्या बाजूला साडेपाच फुटांवर एक तात्पुरती फांदी माझ्या आळसाने राहून गेली आहे आणि ती कुरियरवाल्या मुलाच्या हेल्मेटला लागते. येत्या जानेवारीत ती काढावयाची आहे. त्याच सुमारास साताऱ्याचे मेहुणे मुक्कामाला येणार आहेत. त्यांच्या मुक्कामात सिकेटर कुलपात असावे, असा ठराव घरात एकमताने संमत झाला आहे.